नवं रिव्हॉल्वर का जुनं? माझे सहा महिने

आधीच सांगतो, मी काही बंदुकीचा शौकीन माणूस नाही. हिंगणघाटच्या पलीकडे माझं गाव, कापूस आणि सोयाबीनची खरेदी करतो, सीझनमध्ये संध्याकाळी चुकारा करायला गाडीत कॅश असते. ऑनलाइन टाकतो म्हटलं तर अर्धे कास्तकार म्हणतात, भाऊ खात्यात टाकू नका, बँक कर्जात वळते करते, नगदी द्या. मग काय, नगदी. २०२३ च्या डिसेंबरात जिनिंगवरून येताना दोन मोटरसायकली सहा-सात किलोमीटर माझ्या गाडीच्या मागंपुढं राहिल्या, धाब्यावर गाडी घातली तेव्हा निघून गेल्या. झालं काहीच नाही, पण त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि जानेवारीत लायसनचा अर्ज टाकला.

लायसनची कथा थोडक्यात उरकतो कारण ती सगळ्यांची सारखीच असते. बारा बोरची बंदूक मागितली तर कायदा जरा नरम आहे, रिव्हॉल्वरला मात्र तुम्हाला खरंच गरज आहे हे पटवून द्यावं लागतं. पोलीस रिपोर्ट, मेडिकल, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, रिटर्नच्या कॉप्या, सगळं दिलं. मग लोकसभा आली, आमच्या वर्ध्याचं मतदान २६ एप्रिल २०२४ ला होतं, फाइल थांबली. मग २० नोव्हेंबरची विधानसभा आली, परत थांबली. गावातल्या दोघांच्या बंदुका दोन्ही वेळा ठाण्यात जमा, आणि माझ्या हातात अजून कागदही नाही. शेवटी मे २०२५ मध्ये लायसन आलं, त्यावर तो लांबलचक यूआयएन, म्हणजे प्रत्येक लायसनवाल्याचा वेगळा ओळख नंबर, आणि हत्यार कधीपर्यंत घ्यायचं ती तारीख.

गावात बातमी माझ्या आधी पोचली. पानठेल्यावर पहिला प्रश्न, "आता डुकरं मारशीन का बे?" आता रानडुक्कर आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, आमच्याकडे वावरं नासवून टाकली हे खरंच आहे, पण एक तर परवानगीशिवाय त्यांना हात लावला की वनखात्याची १९७२ च्या कायद्याखाली केस, आणि दुसरं म्हणजे ३२ बोरच्या, म्हणजे बारीक गोळीच्या रिव्हॉल्वरनं डुक्कर मरत नाही, चिडते. हे मी निदान वीस जणांना समजावलं. बायकोचा प्रश्न वेगळा होता, "कायले पाहिजे ते घरात?" त्याचं उत्तर माझ्याकडे आजही अर्धंच आहे.

तर मुद्दा, नवं का जुनं.

ज्याला विचारावं तो एकच सांगे, जुनं इंग्लिश घे. म्हणजे वेब्ली स्कॉट या इंग्लंडच्या कंपनीचं. कारण असं की सामान्य माणसाला बाहेरून हत्यार आणणं १९८० च्या दशकात बंद झालं, त्यामुळे त्याआधी जे देशात आलं तेच हातोहात फिरतं आणि त्याला सोन्यासारखा भाव. समुद्रपूरकडचे एक डॉक्टरसाहेब, वय ७८, पोरं पुण्याला आणि अमेरिकेत, त्यांच्याकडे वेब्लीचं ३२ बोर होतं. त्यांचं म्हणणं, मी जिवंत आहे तोवर विकून टाकतो, माझ्यामागे पोरं कुठे ठाण्याच्या चकरा मारतील. पूर्वी तीन हत्यारं ठेवता यायची, २०१९ च्या दुरुस्तीनं दोनवर आणली, तेव्हा त्यांनी एक रायफल आधीच काढून टाकली होती, त्या वेळचा मनस्ताप त्यांच्या डोक्यात होता.

मृग लागून दोन-चार दिवस झाले असतील, आम्ही गेलो. सोबत आमच्या गावचे फौजी काका, सैन्यात आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा माणूस. डॉक्टरसाहेबांनी कपाटातून चामड्याच्या कव्हरमधून ते काढलं आणि मी तिथेच विकला गेलो. निळसर काळा रंग, हातात घेतलं की वजन कसं बरोबर मुठीत बसतं. भाव सांगितला सव्वादोन लाख. मी मनातल्या मनात सोयाबीनची पोती मोजायला लागलो.

काकांनी मात्र चष्मा पुसला. आधी उघडून चकरीतली गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत का ते बोट घालून पाहिलं, नुसतं डोळ्यानं नाही. मग नळीच्या मागच्या बाजूला पांढरा कागद धरून पुढून आत पाहिलं आणि मला दिलं, "हे पाय, आत काय दिसते तुले?" मला वळणदार रेघा दिसल्या, छान वाटल्या. काका म्हणाले, तोंडाजवळ पाय. तिथे बारीक बारीक खड्डे, देवी आल्यासारखे. मग बाहेरून, चकरीच्या एका अंगाला तसेच. आणि नळी जिथे मोडून उघडते तिथली कडी बंद करून हलवली तर कट कट आवाज, किंचितच, पण आवाज.

मी म्हटलं इतकं वापरलंय का हे? डॉक्टरसाहेब हसले, म्हणाले पन्नास वर्षांत दीडशे गोळ्याही झाल्या नसतील, त्याही दसऱ्याला.

येताना गाडीत काकांनी जे सांगितलं ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणाले, आपल्या देशात जुनं हत्यार म्हणजे वापरलेलं नसते, पडलेलं असते. गोळ्याच मोजून मिळतात, झिजणार कुठून? माह्या लायसनवर पाय, एका वेळी २५, वर्षाला ५०. बिघडते ते कपाटात. लोकं हौसेनं चामड्याच्या कव्हरात ठेवतात, चामडं पावसाळ्यात ओल धरते, आणि आपला पावसाळा चार महिने. वरून तेल पुसतात, आत कोण पाहते. खड्डे पडले का पडले, ते कोणी भरत नाही. आणि कडी ढिली झाली तर तिचा पार्ट इंग्लंडातून कोण आणणार, इथे कोणीतरी घासून बसवणार, म्हणजे सव्वादोन लाखाची वस्तू खरादवाल्याच्या भरवशावर.

तरी मी दोन दिवस तळमळलो, खोटं नाही सांगत. शिवाय माणसाकडून थेट घ्यायचं तर आधी कलेक्टर ऑफिसला नाहीतर ठाण्याला लेखी कळवायचं की अमुक माणूस अमुक माणसाला विकतोय, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं, असा कायदाच आहे. त्या ४५ दिवसांच्या नावाखाली मी डॉक्टरसाहेबांना विचार करून सांगतो म्हटलं.

जुलैत नागपूरला एका डिलरकडे गेलो. इथे अनेकांचा एक गैरसमज, भंडाऱ्याला ऑर्डनन्सची, म्हणजे सरकारी दारूगोळ्याची फॅक्टरी आहे, अंबाझरीला आहे, चांद्याला आहे, मग रिव्हॉल्वर तिथून स्वस्त मिळत असेल. नाही हो. तिथे बारूद, बॉम्बगोळे, रॉकेटचं काम, आपलं ३२ बोर येतं कानपूरहून. पूर्वी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड होतं, १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याच्या सात कंपन्या झाल्या, लोक अजून ऑर्डनन्सचंच म्हणतात आणि मीही तेच म्हणतो.

डिलरनं नव्यात तीन दाखवले. एक साधं जुन्या पद्धतीचं, मधून मोडून उघडणारं. एक निर्भीक, २०१४ साली बाजारात आलं तेव्हा बायकांसाठी म्हणून गाजावाजा झाला होता आणि किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, हलकं, अर्ध्या किलोचं. आणि एक प्रबल, २०२३ मध्ये आलेलं, त्याची चकरी बाजूला निघते, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. डिलर म्हणाला पन्नास मीटरपर्यंत मार आहे. मला पन्नास मीटरवर चष्म्याशिवाय म्हैस ओळखू येत नाही. पण प्रबल हातात चांगलं बसलं, कबूल करतो.

मग काकांनीच विचारलं, जुनं आहे का ऑर्डनन्सचं? होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गृहस्थाचं, ते वारले, मुलानं डिलरकडे जमा केलं होतं, आता विकायचं होतं. पंचावन्न हजार. काकांनी परत तोच कागद, तोच चष्मा. नळी आरशासारखी. घोडा चढवून चकरी अंगठ्यानं हलवून पाहिली, किंचित हलली, तेवढी चालते म्हणाले. सहाही घरं एकेक करून नळीच्या समोर बरोबर येतात का पाहिलं. मग स्क्रूंकडे बोट दाखवलं, खाचा एकदम स्वच्छ, म्हणजे कोणी पेचकस घेऊन आत हात घातलेला नाही. ज्याच्या स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या असतील ते घेऊ नको, हे त्यांचं वाक्य मी पाठ केलंय. वर जमा झाल्यापासून डिलरकडे तेल लावून कोरडं ठेवलेलं, चामडं नाही. पार्ट मिळतात, गोळ्या त्याच. मी लगेच हो म्हटलं, दहा हजार टोकन दिलं, आणि पोळ्याच्या आधी घरी येईल असं बायकोला सांगून मोकळा झालो.

कुठलं काय.

पोळ्याच्या आठवड्यात डिलरचा फोन. नंबर जुळत नाही. झालं असं की त्या वारलेल्या गृहस्थांचं जुनं लायसन हातानं मराठीत लिहिलेलं, त्यात हत्याराच्या नंबरात कारकुनानं १ लिहिला का ९ तो एक देवच जाणे, शेपटी अर्धीच. ऑनलाइन भरताना कोणीतरी ९ भरला. हत्यारावर कोरलेला आहे १. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, दरवेळी रिन्यूअल झालं, ठाण्यात जमा झालं, परत मिळालं, सगळीकडे पाहणाऱ्यानं कागदच पाहिला असणार. आता कागदावर जे रिव्हॉल्वर आहे ते जगात नाही, आणि जे जगात आहे ते कागदावर नाही. असं हत्यार माझ्या लायसनवर चढलं असतं तर उद्या गुन्हा माझ्यावर.

मुलाला प्रतिज्ञापत्र करायला लावलं, मूळ खरेदीचं बिल शोधायला लावलं, ते बिचाऱ्याला वडिलांच्या ट्रंकेत सापडलं, त्यावर नंबर टाइप केलेला होता म्हणून वाचलो. मग ते त्या जिल्ह्याच्या ऑफिसात. या टेबलावरून त्या टेबलावर. सप्टेंबर गेला.

आणि मधेच २२ सप्टेंबरला जीएसटी बदलला. सगळीकडे लोक खुश, ट्रॅक्टर स्वस्त, टीव्ही स्वस्त, आणि रिव्हॉल्वर-पिस्तूल २८ टक्क्यांवरून ४० वर. मूळ किंमत ८० हजार धरा, आधी एक लाख दोन हजार चारशे पडत होतं, आता एक लाख बारा हजार. म्हणजे मी कंटाळून नवं घ्यायला वळणार त्याच वेळी नवं जवळपास दहा हजारांनी महाग. बायको म्हणाली, सरकारलाही नाही वाटत तुम्ही घ्यावं. यावर काय बोलणार.

मी काकांना विचारलं, सोडून देऊ का, टोकन बुडालं तर बुडालं, नवं घेतो, कागद तरी कोरा करकरीत. काका म्हणाले लायसनची तारीख पाय, दिवस आहेत ना, मंग थांब. नव्याचं पण तुले आत पाहावंच लागते, नवं आहे म्हणून डोळे झाकून घ्यायचं असं थोडीच असते. त्यांनी म्हणे नवीन पेटीतून काढलेली हत्यारंही परत पाठवलेली आहेत. मी थांबलो, पण दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला आणि तो पूर्ण महिना मी संध्याकाळी पुतण्याला गाडीत बसवून, वाटा बदलत फिरलो, आणि सत्तरएक टक्के लोकांना चेकनं चुकारा घ्यायला राजी केलं. म्हणजे ज्यासाठी सगळं चाललं होतं ते काम हत्याराशिवाय बऱ्यापैकी निभावलं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

दुरुस्ती झाल्याचा कागद नोव्हेंबरच्या मधे आला. नागपूरला गेलो, काकांनी परत सगळं तपासलं, जुलैत पाहिलेलं असूनही, आणि या वेळी नंबर मी स्वतः मोठ्यानं वाचला, डिलरच्या पोरानं स्क्रीनवर, काकांनी बिलावर, तिघांचा नंबर जुळला तेव्हा सही केली. २५ गोळ्या घेतल्या. मग लायसनवर नोंद, ठाण्यात दाखवणं, तिथल्या हवालदारानं नळीत डोळा लावून पाहिलं तेव्हा काकांनी त्याला जी झाप दिली ती इथे लिहिता येत नाही.

डॉक्टरसाहेबांना फोन करून सांगितलं की मी दुसरं घेतलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, ते म्हणाले बरं केलंस, मलाच आता विकायची इच्छा राहिली नाही, पण ते खड्ड्यांचं काय करायचं ते तुझ्या काकांना विचारून सांग. काका एका रविवारी त्यांच्याकडे गेले, साफ करून, तेल लावून, चामड्यातून काढून स्टीलच्या डब्यात ठेवून आले.

माझं तिजोरीत आहे, गोळ्या वेगळ्या कपाटात, वेगळी किल्ली. सोबत नव्या बुटांच्या खोक्यात येतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या, गावातल्या चप्पल-बुटाच्या दुकानदाराकडून मूठभर मागून आणल्या. डिलरनं चामड्याचं कव्हर फुकट दिलं होतं, ते माझ्या दुकानात खिळ्याला टांगलंय, त्यात आता वजनकाट्याची पावतीबुकं ठेवतो.