ठसका लागतो, पण वास येत नाही

मार्च म्हणजे ऐन कांडपाचे दिवस. लातूरजवळच्या खेड्यात मिरची-मसाल्याचं कांडप चालवणाऱ्या एक मावशी ओपीडीत आल्या. "येसर भाजताना करपला तरी कळंना बगा." सोबतच्या मुलाला हे पटत नव्हतं: "मिरची कुटताना ठसका लागतोय की तिला. नाक चांगलंच हाय."

ही गल्लत रोजची. मेंदूशी थेट जोडलेल्या नसांपैकी वास नेणारी नस पहिली, तर झोंबणं, ठसका, कापराचा गारवा कळवणारी पाचवी. पहिली बंद पडली तरी पाचवी चालू राहते. मुलाला तेवढंच दिसत होतं.

दोन महिन्यांपूर्वी मावशींना जबर सर्दी झाली होती, वास तेव्हापासून गेलेला. दुर्बिणीतून पाहिलं तर मांस वाढलेलं नाही, पू नाही. गुलाबाच्या वासाचा द्रव हुंगायला दिला, तर वास शून्य. तो झोंबतच नाही, त्यामुळे निव्वळ वास तपासायला बरा. मग झोंबण्याची चाचणी घेतली. 250 मिलीच्या दोन मऊ बाटल्या, एकीत 30 मिली निलगिरीचा अर्क, दुसरी रिकामी. डोळे बांधायचे, दोन्ही नाकपुड्यांत एकाच वेळी फुंकर सोडायची आणि विचारायचं, झोंबलं कुठं, डावीत का उजवीत? अशा 40 फुंकरी, दोन फुंकरींत अर्धा मिनिट तरी थांबून, नाहीतर नाक सरावतं. दोन्ही बाटल्या सारख्या दाबल्या नाहीत, तर माणूस हवेच्या जोरावरून उत्तर देतो आणि चाचणी वाया जाते.

मावशींची 23 उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजानंही 20 येतात. म्हणजे ठसका लागत होता, पण बोथट झालेला. "पहिल्यासारखं झोंबत नाही" हे त्या मग बोलल्या.

वास गेलेल्यांत हे पुष्कळदा दिसतं. गंमत अशी, की नाकाच्या अस्तरावर मोजलं तर प्रतिसाद कमी नसतो, कधी वाढलेलाही असतो. मेंदूत मात्र नोंद क्षीण उमटते. तिथं दोन्ही नसा एकमेकींच्या आधारानं चालतात.

गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग रोज दोन वेळा, प्रत्येकी 10-15 सेकंद हुंगायला सांगितलं, किमान 12 आठवडे. कांडपावर पदर नाही, घट्ट बसणारा मास्क.

घरातल्या गॅसची मला जास्त काळजी होती. त्यात मिसळलेला उग्र वास पहिल्या नसेचाच. गळती झाली तर झोंबून कळणार नाही. मुलानं आठवड्यात अलार्म आणला, पण बसवला छताजवळ. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. अलार्म काढून जमिनीपासून वीतभर उंचीवर लावून घेतला.