अक्षांश-रेखांशात अडकलेले हेलिकॉप्टर : माझा अनुभव

माझा धाकटा भाऊ गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात एका आश्रमशाळेवर शिक्षक आहे. गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात त्याला फॅल्सिपेरम प्रकारचा हिवताप झाला आणि चौथ्या दिवशी तो डोक्यात गेला. लघवी जवळजवळ बंद झाली, डोळे पिवळे पडले आणि तो माणसे ओळखेनासा झाला. गावात पोहोचलेल्या आरोग्य पथकातील डॉक्टरांनी आर्टेसुनेटची इंजेक्शने वेळेवर सुरू केली, म्हणूनच पुढचे सगळे शक्य झाले. परंतु डायलिसिसची गरज दिसत होती आणि ती सोय तिथे नव्हती. पर्लकोटा, इंद्रावती आणि पामुलगौतम या तिन्ही नद्या फुगलेल्या होत्या, पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहत होते आणि गावाभोवतीच्या नाल्यांमुळे भामरागडपर्यंतसुद्धा जाता येत नव्हते. रस्ता चालू असता तरी नागपूर तिथून साडेतीनशे किलोमीटर आहे.

१०८ क्रमांकावर आणि जिल्हा नियंत्रण कक्षात आम्ही प्रथम कळवले, आणि इतरांनीही सर्वप्रथम तेच करावे, कारण पूरस्थितीत प्रशासन स्वतः हेलिकॉप्टर पाठवू शकते. त्या दिवशी उपलब्ध हेलिकॉप्टर पूरग्रस्तांसाठी दुसऱ्या भागात गुंतलेले होते. रुग्णसेवेसाठी भाड्याने मिळणारे एक खासगी हेलिकॉप्टर योगायोगाने नागपुरातच होते. मी मुदतठेव मोडली, सकाळी नऊ वाजता पैसे भरले, धंतोलीतील एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातील खाट राखून ठेवली आणि सोबत जाणारे डॉक्टरही ठरले. हे सर्व दीड तासात झाले. राहिली होती ती एकच गोष्ट, तात्पुरत्या जागी उतरण्याची परवानगी, आणि तिनेच आमचा निम्मा दिवस खाल्ला.

आश्रमशाळेचे मैदान हे काही नेहमीचे हेलिपॅड नव्हते, त्यामुळे त्या जागेचे अक्षांश-रेखांश अर्जात भरणे आवश्यक होते. गावात मोबाइलची रेंज नाही. आरोग्य पथकातील एका कार्यकर्त्याने मैदानात उभे राहून फोनवर दिसलेले आकडे टिपले आणि टेकडीवर चढून संदेश पाठवला : १९.४६, ८०.५६. हा संदेश मी संबंधित कार्यालयात जसाच्या तसा दाखवला. तिथल्या अर्जात अंश, मिनिटे आणि सेकंद असे तीन वेगळे रकाने होते. टेबलावरील कर्मचाऱ्याने माझ्या फोनकडे पाहून पहिल्या रकान्यात १९, दुसऱ्यात ४६ आणि सेकंदांच्या रकान्यात दोन शून्ये लिहिली. रेखांशाचेही तसेच केले. मी शेजारीच उभा होतो, परंतु त्याच वेळी रुग्णालयातून फोन आला म्हणून मागे वळलो आणि तो कागद माझ्या नजरेखालून गेला नाही.

सव्वाअकरा वाजता आतून उत्तर आले : "साहेब, ही जागा आपल्या राज्यात येतच नाही. दुसऱ्या राज्याची परवानगी आणा." मी सांगितले की गाव भामरागड तालुक्यातील आहे, शाळा महाराष्ट्र शासनाची आहे, भावाचा पगार गडचिरोली जिल्ह्यातून निघतो. त्यावर नकाशावर ठिपका सीमेपलीकडे दिसतो, एवढेच उत्तर मिळाले. मी अर्ज पाहू द्या म्हटले, तर तो आता वरिष्ठांच्या टेबलावर आहे असे सांगण्यात आले. वरिष्ठ बैठकीत होते. त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. दर अर्ध्या तासाने भावजयीचा संदेश येत होता, कारण तीही त्या टेकडीवर चढून-उतरून मला कळवत होती. साडेबाराच्या संदेशात एवढेच होते : "दादा, यांना झटका येऊन गेला. डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका."

मी पाटबंधारे विभागात २८ वर्षे आरेखक म्हणून काम केले आहे. अक्षांश-रेखांश हे माझ्या रोजच्या जेवणाइतके परिचयाचे आहेत, आणि तरीही अडचण नेमकी कुठे आहे हे कळायला मला दोन तास लागले, कारण कागद कुणी दाखवतच नव्हते. शेवटी त्या कार्यालयातील एका तरुण लिपिक मुलीला मी विनंती केली, "बेटा, अर्ज देऊ नकोस, फक्त त्यातले आकडे मला वाचून दाखव." तिने आत जाऊन वाचले : एकोणीस अंश, शेहेचाळीस मिनिटे, शून्य सेकंद. तिथेच सगळा उलगडा झाला.

एका अंशात ६० मिनिटे असतात, त्यामुळे ०.४६ अंश म्हणजे २७ मिनिटे ३६ सेकंद. ०.५६ अंश म्हणजे ३३ मिनिटे ३६ सेकंद. दशांश चिन्हानंतरचे आकडे सरळ मिनिटांच्या रकान्यात लिहिल्यामुळे मैदान उत्तरेकडे सुमारे ३४ आणि पूर्वेकडे सुमारे ३९ किलोमीटर सरकले होते, म्हणजे एकूण पन्नासेक किलोमीटर ईशान्येला, थेट छत्तीसगडच्या जंगलात. मी मागच्या कोऱ्या कागदावर हा गुणाकार करून दाखवला आणि शेजारी नकाशाची रेघ ओढली. तो कागद घेऊन ती मुलगी बैठकीत शिरली. पाच मिनिटांत दुरुस्ती झाली, वीस मिनिटांत परवानगीचा ईमेल गेला. तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

मला आजही राग येतो तो चुकीच्या आकड्यांचा नाही. घाईत आकडा चुकतो, माझ्याही हातून नकाशे चुकलेले आहेत. राग याचा येतो की जागा राज्याबाहेर दिसताच अर्जातील तालुक्याचे नाव आणि आकडे यांचा मेळ का बसत नाही, हे कुणी स्वतःहून तपासले नाही, आणि ज्याला ते तपासता आले असते त्याला कागद पाहू दिला नाही. त्याहून वाईट बाब अशी की तो ठिपका चुकून राज्याच्या आतच पडला असता, तर परवानगी सहज मिळाली असती आणि वैमानिकाच्या हाती चुकीचे आकडे घेऊन हेलिकॉप्टर निघाले असते.

म्हणून सांगतो : आकडे नेहमी दोन्ही पद्धतींनी लिहावेत आणि "दशांश अंश" की "अंश-मिनिटे-सेकंद" हे शब्दांत नमूद करावे. दशांशानंतर दोनच आकडे घेतले, तर जागा किलोमीटरभराच्या टप्प्यात कुठेही असू शकते. पाच आकडे घेतले, तर ती साधारण मीटरभरापर्यंत नेमकी ठरते. आम्ही दुरुस्तीच्या वेळी पुन्हा संदेश पाठवून पूर्ण आकडे मागवले. सोबत शाळेची इमारत, पाण्याची टाकी, जवळची नदी अशा वरून दिसणाऱ्या खुणाही लिहाव्यात. अर्ज भरून झाला की त्याचा फोटो काढून घ्यावा आणि रुग्णालयाचा फोन तोवर वाजू द्यावा.

हेलिकॉप्टर अडीच वाजता सोनेगाव विमानतळावरून उडाले. अशी उड्डाणे उजेडावर आणि दृश्यमानतेवर अवलंबून असतात. ऑगस्टमध्ये नागपूरचा सूर्यास्त पावणेसातच्या आसपास होतो, म्हणून परतीची वेळ आधी मोजावी आणि तिथून मागे मोजत यावे. आणखी दोन तास गेले असते, तर वैमानिकाने दुसऱ्या दिवसाचीच वेळ दिली असती. स्थानिक पोलीस ठाण्याला आम्ही सकाळीच कळवले होते. त्या भागात ते अनिवार्य समजावे.

मैदानाची तयारी मुलांनी आणि शिक्षकांनी केली. सैल पत्रे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वाळत घातलेले कपडे दूर नेले, गुरे हाकलली, चुन्याने मोठा एच काढला आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून ओला पाला पेटवून धूर केला. मैदान कोरडे असेल, तर धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडावे लागते. पावसाने ते काम केलेले होते. वैमानिकाने खूण केल्याशिवाय कुणीही जवळ जायचे नाही आणि मागच्या पंख्याच्या बाजूला तर मुळीच नाही, हे डॉक्टरांनी माडिया भाषेतही सांगायला लावले, कारण गर्दीतील अनेक वृद्धांना मराठी नीट समजत नाही. सलाईनची बाटली आत उंच टांगता येत नाही, म्हणून ती दाब देणाऱ्या पट्ट्यात घातली. भावजयीला सोबत बसता आले, कारण तिचे वजन आधीच कळवलेले होते. नातेवाइकांचे आणि सामानाचे वजन अंदाजाने सांगू नये.

आणखी एक राहिले. विमानतळाच्या आत रुग्णवाहिका न्यायची असेल, तर चालक, परिचारक आणि नातेवाईक यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, गाडीचा क्रमांक आणि चालकाचा परवाना आदल्या काही तासांतच द्यावा लागतो. आमची यादी तयार होती, म्हणून पाच वाजून वीस मिनिटांनी हेलिकॉप्टर उतरले तेव्हा रुग्णवाहिका बाजूलाच उभी होती. स्ट्रेचर बाहेर आले, तेव्हा भावाच्या पायांना मैदानातला चिखल तसाच होता. वर्धा रोडने आम्ही वीस मिनिटांत धंतोलीत पोहोचलो. रात्री पहिले डायलिसिस झाले, अशी पाच झाली, आणि नवव्या दिवशी त्याने मला "दादा, शाळेचे हजेरीपत्रक कुणाकडे आहे?" असे विचारले.

विमा असल्यास त्यात हवाई रुग्णवाहिकेचा समावेश आहे का आणि आगाऊ कळवण्याची अट आहे का, हे घरी सगळे धडधाकट असतानाच वाचून ठेवावे. मी ते बिल हाती आल्यावर वाचले.

भाऊ दिवाळीनंतर शाळेवर परत गेला. मैदानाचे अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत आणि अंश-मिनिटे-सेकंदांतही त्याने शाळेच्या व्हरांड्यात ऑइलपेंटने लिहून घेतले आहेत. त्या कार्यालयाला मी अर्जाचा सुधारित नमुना स्वतः आखून पाठवला आहे : दशांश अंशांसाठी वेगळा रकाना, आणि त्याखाली जागेचे गाव व तालुका नकाशावर पडताळल्याची सही. आवक क्रमांक मिळाला आहे. दोन स्मरणपत्रेही दिली आहेत. तिसरे या सोमवारी देणार आहे, आणि ते टपालाने न पाठवता स्वतः नेणार आहे.