मिसिसिपी डेल्टा: क्रॉसरोड्सवर वेळ घालवू नका

एरिक क्लॅप्टन आणि लेड झेपेलिनचं रॉक ऐकून मिसिसिपी डेल्टात, म्हणजे ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या मुळाशी येणारे बहुतेक जण सगळ्यात आधी क्लार्क्सडेलचा हायवे 61 आणि 49 चा चौक गाठतात. खांबावर तीन निळ्या गिटार, आजूबाजूला रहदारी, संपलं. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने सैतानाला आत्मा विकला तो हाच चौक म्हणे. पण 1936 साली सॅन अँटोनियोत रेकॉर्ड केलेल्या त्याच्या 'क्रॉस रोड ब्लूज' या गाण्यात ना हे हायवे आहेत, ना सैतान. क्लॅप्टनच्या क्रीम बँडने 1968 मध्ये हेच गाणं आणलं, त्यातलं रोझडेल गावाचं कडवंही जॉन्सनच्या दुसऱ्याच गाण्यातून उचलून इथे जोडलेलं आहे. आता लोक क्रॉसरोड्स शोधत रोझडेललाही तासभर गाडी हाकतात. चौकात फोटो काढा आणि निघा.

गाडी मेम्फिसहूनच भाड्याने घ्या. त्याशिवाय ही वाट होत नाही. 61 ने पंचवीसेक किलोमीटरवर वॉल्स लागतं. तिथे न्यू होप चर्चच्या दफनभूमीत ब्लूज गायिका मेम्फिस मिनीची कबर आहे. 1927 च्या महापुरावरचं तिचं आणि कॅन्सस जो मॅकॉयचं 1929 चं गाणं झेपेलिनने 1971 मध्ये आणलं, आणि श्रेयात तिचं नावही ठेवलं. ब्लूज गीतकार विली डिक्सनला मात्र त्यांच्यावर खटला भरावा लागला होता. क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये ब्लूज गायक मडी वॉटर्सची लाकडी खोपी बघा. रोलिंग स्टोन्सचं नाव त्याच्याच 1950 च्या गाण्यावरून. रविवार टाळा.

खरी जागा टटवायलर गाव. ब्लूजचा हार्मोनिकावाला सनी बॉय विल्यमसन 1963 मध्ये इंग्लंडला गेला आणि रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबात यार्डबर्ड्स या इंग्लिश बँडला साथीला घेऊन वाजला. गिटारवर अठरा वर्षांचा क्लॅप्टन होता. ही पोरं ब्लूज रेकॉर्डवरून शिकलेली; इथे मूळ माणूसच समोर उभा! सनी बॉयची कबर टटवायलर गावाबाहेर जुन्या व्हिटफील्ड चर्चच्या जागेवर आहे. लोक दगडावर हार्मोनिका ठेवून जातात. दगडावरच्या तारखेवर जाऊ नका: तिथे 23 जून 1965 कोरलंय, तो गेला 25 मे रोजी. पाऊस झाला असेल तर गाडी डांबरीवरच ठेवा. इथली चिकण माती चाक सोडत नाही. बूट घाला, गवतात लाल मुंग्या असतात.

पुढे लोक हमखास चुकतात. टटवायलरला 49 चे दोन फाटे फुटतात. ग्रीनवुडला जाणारा 49 ईस्ट; वेस्टला लागलात तर इंडियनोलाला पोचाल. नकाशा आधीच डाउनलोड करा.

ग्रीनवुडच्या आसपास जॉन्सनच्या तीन कबरी आहेत. मृत्यूच्या दाखल्यात नुसतं 'झायन चर्च' लिहिलंय, त्यातून हा घोळ. मॉर्गन सिटीजवळचा 1991 चा स्तंभ भपकेदार, क्विटोचा छोटा दगड अटलांटाच्या एका रॉक बँडने बसवलेला. दोन्ही सोडा. मनी रोडवरच्या लिटल झायन चर्चला जा, ग्रीनवुडपासून पाचेक किलोमीटर. सगळ्यात पटणारा दावा तिचाच. त्याच रस्त्याने पुढे मनी गाव येतं. 1955 मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पळवून नेऊन मारलं, ते याच परिसरातून. तिथे सेल्फी काढू नका.

जून ते ऑगस्ट येऊ नका. उकाडा आणि डास दोन्ही जीव खातात. टाकी क्लार्क्सडेललाच भरा, पाणी भरपूर ठेवा आणि कबरी उजेडातच उरका.