बेडफर्ड घेऊन गगनबावड्याला: काटा मायनसमध्ये

कोल्हापूर ते गगनबावडा जेमतेम 55 किलोमीटर. आजोबांच्या काळातली 12 व्होल्टची बोनेटवाली बेडफर्ड ट्रक काढली, तेव्हा मी निर्धास्त होतो. चार्जिंगची कुरकुर होती म्हणून आदल्याच आठवड्यात कोरी बॅटरी टाकली होती.

जाताना उजेडात काही कळलं नाही. परतताना साळवणच्या पुढं हेडलाईट पिवळे पडले, मग निरांजनाएवढे. अँपिअर मीटरचा काटा मायनसला चिकटलेला, म्हणजे बॅटरी भरत नव्हती, रिकामी होत होती. कळे गावाच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या, एकीलाही मागं लाल दिवा नाही. डिझेल गाडीला ठिणगी लागत नाही, म्हणून इंजिन चालत राहिलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर घर येईपर्यंत इंजिन बंद करू नका, चहासाठीसुद्धा; रिकाम्या बॅटरीवर ते पुन्हा सुरू होणार नाही.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातलं उद्यमनगर गाठलं. मिस्त्रींनी डायनमोच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र) डी (वीज बाहेर येते ते) आणि एफ (आतल्या फील्ड कॉइलचं) टर्मिनलच्या वायरी काढल्या, दोन्ही टर्मिनल तारेच्या तुकड्यानं जोडले, व्होल्टमीटरचं एक टोक तिथं आणि दुसरं बॉडीला लावलं. मला रेस हळूहळू द्यायला सांगितली. काटा झपकन 15 च्या वर.

"बास, बास! डायनमो ठणठणीत हाय. कटआऊट गेलाय. बॅटरी कशाला बदललीसा?"

कटआऊट म्हणजे डायनमो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच. त्याचं झाकण काढलं तर पॉइंट काळेठिक्कर, एकाला खड्डा.

नुसता पॉलिश पेपर मारूनही दिवस निघाले असते. पण आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) डायनमो जवळपास काहीच देत नाही, आणि गळीत हंगामात या रस्त्यावर आयडलिंगच जास्त. म्हणून डायनमोच्या जागी मंद इंजिनवरही चार्ज करणारा 45 अँपिअरचा अल्टरनेटर घेतला.

खरी मेख पुढं होती. गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला; अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचा. उलटा जोडला की डायोड गेलेच. म्हणून बॅटरीची जोडणी उलटी करून मायनस बॉडीला घेतला, तर प्लसचा खुंट मायनसपेक्षा जाड. जुने क्लॅम्प बसेनात, नवे आणावे लागले. सेल्फ (स्टार्टर मोटर) मात्र त्यामुळं उलटा फिरत नाही, ती भीती नको. जुना मीटर 30 अँपिअरचा, तो जळाला असता. काढून व्होल्टमीटर बसवला आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड वायर फ्यूज घालून थेट नेली. डॅशबोर्डवर चार्जिंगचा छोटा बल्बही लावा, आमच्या अल्टरनेटरला चार्जिंग सुरू करायला तोच लागतो. इंजिन-चासीची अर्थ पट्टी रंग खरवडून घट्ट केली. अर्धा दिवस गेला तो ब्रॅकेटमध्ये: पुली एका रेषेत येईना, पट्टा चिरकत होता.

पुढच्या रविवारी पुन्हा गगनबावडा. करूळ घाटाच्या तोंडाशी थांबून आयडलिंगला हेडलाईट लावले: 14.1 व्होल्ट. 13.8 ते 14.4 मध्ये असलं की पुढं जायला हरकत नाही. 15 च्या वर गेलं तर बॅटरी उकळते, माघारी फिरा.

जुनी बॅटरी मी भंगारात घातली होती. मिस्त्री अजून विचारतात, कितीला दिलीसा?