तुम्ही विचारलंत म्हणून: पेडल स्टीलचे (आडवी ठेवून वाजवायच्या, पायाच्या पेडलने सूर बदलणाऱ्या गिटारचे) पार्ट नाशकात बनतात का?

बनतात, आणि संगणकावर चालणारं सीएनसी मशीनही लागत नाही. बॉश, महिंद्राच्या व्हेंडरांची कामं करून जिगवर (नग पक्का धरून ड्रिलला वाट दाखवणाऱ्या साच्यावर) हात बसलेले लोक सातपूर-अंबडमध्ये भरपूर आहेत. अडचण नगांची आहे. तुम्हाला हवेत दहा फिंगर (तार ओढणारे छोटे तुकडे), आणि तेवढ्यासाठी कुणी मशीनचं चालू सेटिंग मोडत नाही. जिग आपला असला की साधं पिलर ड्रिल आणि मिलिंग मशीन पुरतं.

खरी परीक्षा चेंजरच्या (तारा ताणणाऱ्या यंत्रणेच्या) फिंगरची. एका ॲक्सलवर ओळीने दहा फिंगर बसतात, प्रत्येकावर एक तार. पेडल दाबलं की रॉड फिंगर ओढतो, तार ताणली जाते, सूर चढतो. रॉडचं भोक दहाही फिंगरमध्ये ०.२ मिमी सरकलं तर सूर जुळवताना जिरून जातं. एकातच सरकलं तर त्या तारेचा हिशोब कायम वेगळा. म्हणून आखणी करून पंच मारून भोकं पाडू नका.

जिगचा बेस २० मिमी जाड ईएन-८ पोलादाच्या प्लेटचा. लांब बाजूला दोन डॉवेल (नग टेकवायच्या पिना), आखूड बाजूला एक, समोरून क्लॅम्प. वरच्या झाकणात कडक केलेले बुश (ड्रिल सरळ ठेवणाऱ्या नळ्या). ॲक्सलच्या भोकाला स्लिप बुश (काढता-घालता येणारा) घ्या, कारण आधी ११.८ चं ड्रिल आणि मग १२ एच-७ रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) एकाच सेटिंगमध्ये मारायचा असतो. बुश आणि नग यांच्यात साधारण ड्रिलच्या व्यासाएवढी फट ठेवा. ॲल्युमिनियमची चिप लांब, दोरीसारखी निघते. फट नसेल तर बुशमध्येच गुंडाळते. रॉकेल सोडत राहा, नाहीतर ड्रिलच्या धारेवर ॲल्युमिनियम चिकटतं आणि भोक मोठं होतं. पण सगळ्यात जास्त नग वाया जातात ते डॉवेलला अडकलेल्या कचऱ्यामुळे. दरवेळी ब्रश मारा, आणि आधीच्या कामाची बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढल्याशिवाय नग जिगमध्ये घालू नका. माल एचई-३० ॲल्युमिनियमची १० मिमी पट्टी. नग बारा कापा, पहिले दोन सेटिंगला जातात.

जाडीत घाई नको. तारांचं अंतर ८.७३ मिमी धरलं तर फिंगर ८.६ चा. प्रत्येक नग ०.१५ ने जाड राहिला तर दहा मिळून दीड मिमी होतात आणि अख्खा चेंजर दोन टोकांच्या एंडप्लेटमध्ये जाम. सरफेस ग्राइंडरचं चुंबक ॲल्युमिनियमला धरत नाही, तेव्हा मिलिंगवर फ्लाय कटरच (एकच टूल लावलेला फिरता कटर) बरा.

तार ज्यावर टेकते ती कमान मात्र दहाही नग १२ मिमीच्या मँड्रेलवर (गोल दांड्यावर) ओवून एकत्रच काढायची. लेथ इथे चालत नाही, फिंगरचा खालचा पाय टूलला आडवा येतो. मँड्रेल डिव्हायडिंग हेडवर (हँडलने नग हळूहळू फिरवणाऱ्या साधनावर) धरा, कटर जागेवर ठेवा, हँडल फिरवा. कमान आणि ॲक्सल समकेंद्री नसतील तर पेडल दाबताना तार वरखाली होते. शेवटी ४००, ८००, १२०० चा पॉलिश पेपर.

बेलक्रँकला (शाफ्टवर बसून रॉड ओढणाऱ्या हाताला) १० मिमी चौकोनी ब्राइट बारचा शाफ्ट घ्या. गोल शाफ्टवर ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) पायाच्या दाबाने घसरतोच. बेलक्रँकची भोकं शाफ्टच्या केंद्रापासून १०, १५, २०, २५ मिमीवर. शाफ्टपासून लांबचं भोक जास्त ओढतं, पण पेडल जड करतं. चेंजरवर उलट: ॲक्सलपासून लांब गेलात की पेडल हलकं, पण चाल जास्त. ई-९ ट्यूनिंगमध्ये (दहा तारांच्या नेहमीच्या जुळणीत) ए पेडल पाचवी आणि दहावी, दोन्ही बी तारा सी शार्पला नेतं. त्यांची जाडी वेगळी, म्हणून चालही वेगळी. दोघी एकदम निघून एकदम पोचाव्यात म्हणून ही भोकं बदलायची.

वर्कशॉपमध्ये नुसतं ड्रॉइंग देऊ नका, सिल्व्हर स्टीलचा ॲक्सल सोबत न्या. रीमर मारल्यावर तिथल्या तिथे घालून बघा. अंगठ्याच्या दाबाने सरकला पाहिजे आणि हलवला तर खडखडता कामा नये.