सोळा स्क्रू

जुलै २०२२ मध्ये भिवंडी तालुक्यात, माणकोलीच्या बाजूला असलेल्या एका गोदामातून तांब्याच्या वायरची ९० मीटरची ८७० बंडले एका पावसाळी रात्रीत चोरीला गेली. मालाची किंमत १७ लाख ४० हजार रुपये होती. तिसऱ्या दिवशी माझी नेमणूक झाली. मात्र मालाच्या मालकाच्या किंवा गोदाम चालवणाऱ्या कंपनीच्या विम्यासाठी नव्हे, तर तेथे पहारा पुरवणाऱ्या सुरक्षा एजन्सीच्या विम्यासाठी. विमा सर्वेक्षक म्हणून मी आगी, पूर आणि चोऱ्या मिळून शेकडो दावे पाहिले आहेत, परंतु माझे काम मी जितके नीट करत गेलो तितका समोरचा प्रामाणिक माणूस अधिक अडचणीत येत गेला, असा दावा हा एकच.

एजन्सीचे मालक लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांच्याकडे ६४ गार्ड होते आणि त्यांपैकी २२ जण याच एका ग्राहकाच्या, म्हणजे गोदाम चालवणाऱ्या कंपनीच्या, वेगवेगळ्या शेडवर तैनात होते. मी पोहोचलो तेव्हा त्यांनी करारपत्र, पॉलिसी, हजेरीपत्रके, त्या रात्रीच्या गार्डचे पोलीस पडताळणीचे पत्र आणि १६० तासांच्या प्रशिक्षणाचा दाखला अशी सगळी फाइल क्रमाने लावून ठेवली होती. १०० तास वर्गातले व ६० तास प्रत्यक्ष कामावरचे, हे प्रशिक्षण केंद्र सरकारच्या आदर्श नियमांत सांगितलेले आहे. पण ते खरोखर देणाऱ्या छोट्या एजन्सी मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

ग्राहकाच्या व्यवस्थापकाने पहिल्याच वाक्यात निकाल देऊन टाकला होता: वॉचमन आतून मिळालेला आहे. आपल्याकडे चोरी झाली की पहिला संशय पहारेकऱ्यावरच जातो, आणि तो जितका गरीब तितका तो संशय लोकांना पटतो. पोलिसांनी त्या गार्डला दोन दिवस बसवून ठेवले, त्याच्या फोनचे तपशील तपासले आणि काहीच हाती न लागल्याने सोडून दिले. गुन्हा अनोळखी इसमांविरुद्ध, भारतीय दंड संहितेच्या कलम ४५७ व ३८० खाली नोंदवलेला होता.

मी आधी मागची भिंत पाहिली. चोरीचा कोणताही दावा आला की बळाच्या खुणा प्रथम शोधायच्या, ही आमची सवय आहे. २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घरफोडीच्या पॉलिसीतील बळजबरीच्या प्रवेशाची अट शब्दशः लागू केल्यापासून तर ती अधिकच पक्की झाली आहे. शेड पत्र्याची होती आणि मागे ओढ्यापर्यंत मोकळी, चिखलाची जमीन होती. खालच्या पट्टीतला एक पत्रा काढून बाजूला टेकवलेला होता. त्या पत्र्याला सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूची १६ भोके होती आणि एकाही भोकाची कड फाटलेली नव्हती. चिखल चाळून मला त्यातले ११ स्क्रू रबरी वॉशरसकट सापडले. त्यांचे आटे शाबूत होते, म्हणजे ते उपटलेले नसून यंत्र लावून फिरवून काढलेले होते. अशा स्क्रूचे डोके पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला असते. आतल्या माणसाला ते काढताच येत नाहीत. हे सगळे ओढ्याच्या बाजूने, बाहेर उभे राहून केलेले काम होते. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंवरून कार्यालयात बसून अहवाल लिहिणारे माझे काही व्यवसायबंधू आहेत. त्यांना हे ११ स्क्रू कधीच दिसले नसते, हे मी येथे नमूद करून ठेवतो.

दुसरा प्रश्न गार्डच्या फेरीचा होता. गोदामाच्या कोपऱ्यांवर लावलेल्या टॅगना हातातले यंत्र टेकवत त्याने तासातासाला फेरी मारायची, असा नियम होता. यंत्रात १ वाजून १० मिनिटांची फेरी होती, २ वाजून १० ची होती, आणि ३ वाजून १० ची नव्हती. व्यवस्थापकाच्या मते हाच पुरावा होता. मी गेट रजिस्टर उघडले. २ वाजून ४५ मिनिटांनी शेजारच्या शेडसाठी माल घेऊन एक ट्रक आत आल्याची नोंद गार्डच्या अक्षरात होती, तिच्यापुढे बिल्टीचा, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीचा, क्रमांक होता, आणि आवारातल्या वजनकाट्याच्या पावतीवर २ वाजून ४७ मिनिटांची वेळ छापलेली होती. ट्रक ३ वाजून ५५ मिनिटांनी बाहेर पडला. बाहेर पडतानाचे त्याचे वजन नोंदणी पुस्तकातल्या रिकाम्या वजनाशी जुळत होते, त्यामुळे सुमारे अडीच टनांची बंडले त्या ट्रकमधून गेलेली नाहीत, हेही स्पष्ट झाले. गाडी आत असेपर्यंत गार्डने गेट सोडायचे नाही, अशी ग्राहकाचीच लेखी सूचना गेटवर चिकटवलेली होती. दोन शेड, एक गेट, मागची २०० फुटांची अंधारी बाजू आणि रात्रीच्या पाळीला माणूस एक.

सुभेदारसाहेबांनी मे महिन्यातच ग्राहकाला पत्र देऊन मागच्या बाजूला दिवा आणि रात्रीसाठी दुसरा गार्ड मागितला होता. पत्रावर ग्राहकाचा आवक शिक्का होता, आणि सध्या एकच गार्ड पुरेसा आहे, असे ई-मेलने आलेले उत्तरही फाइलला जोडलेले होते.

येथवर मी समाधानी होतो. नंतर मी पॉलिसी पुढ्यात घेतली.

विमा मध्यस्थाने सुभेदारसाहेबांना 'सिक्युरिटी एजन्सी पॅकेज' या नावाने जे विकले होते, त्यात कर्मचाऱ्यांच्या अपघाताचा भाग सोडला तर उपयोगाचे दोनच विभाग होते. पहिला फिडेलिटी गॅरंटीचा, म्हणजे आपल्याच कर्मचाऱ्याने केलेल्या अप्रामाणिकपणापासून संरक्षण देणारा. त्याला ग्राहकाच्या मालाचे एन्डॉर्समेंट, म्हणजे पुरवणी कलम, जोडलेले होते आणि एका घटनेला २० लाखांची मर्यादा होती. गार्ड चोरीत सामील असता, तर नुकसानीची रक्कम देय होती. दुसरा विभाग पब्लिक लायबिलिटीचा. तो तिऱ्हाइताला अपघाताने झालेली इजा किंवा त्याच्या मालमत्तेची हानी यांबद्दलची कायदेशीर जबाबदारी उचलतो. चोरी हा अपघात नव्हे. शिवाय केवळ करारात लिहून दिल्यामुळे अंगावर आलेली जबाबदारी त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेली होती. ग्राहकाच्या करारात तर तेवढेच होते: कोणत्याही कारणाने झालेल्या चोरीची भरपाई एजन्सीच्या बिलातून वळती केली जाईल. असे कलम पुढे ठेवणारा ग्राहक पहारा विकत घेत नाही, तो विनाहप्त्याचा विमा घेतो, आणि काम हातचे जाईल या भीतीने छोट्या एजन्सी त्यावर सही करतात.

त्यामुळे गार्ड प्रामाणिक ठरला की पहिला विभाग बंद होत होता, आणि एजन्सीचा हलगर्जीपणा नव्हता हे मे महिन्याच्या त्या पत्राने सिद्ध झाले की दुसऱ्या विभागात उरलेली थोडी जागाही संपत होती. मी काढलेला प्रत्येक निष्कर्ष त्या दोघांच्या बाजूचा होता आणि दाव्याच्या विरुद्ध होता.

सुभेदारसाहेबांच्या कल्याणच्या कार्यालयात बसून मी त्यांना हे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "साहेब, म्हणजे माझा माणूस चोर निघाला असता, तर पैसे मिळाले असते?"

मी हो म्हणालो.

"एजंटही तेच म्हणत होता. पोलिसांत पुरवणी जबाब द्या, गार्डवर संशय आहे म्हणून लिहा, ३८१ लागलं की क्लेम बसतो." नोकराने केलेल्या चोरीचे ते कलम. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचा लेक बारावीला आहे. अन् मुख्य म्हणजे, त्यानं केलेलं नाही. मी सही कशी करू?"

तसा जबाब आला असता तर मला काय करावे लागले असते, याचा मी आजही विचार करतो. स्क्रू आणि वजनकाट्याची पावती माझ्याकडे होतीच, तेव्हा मी तो स्वीकारला नसता, असे मी मानतो. पण ती वेळ त्यांनी माझ्यावर येऊ दिली नाही.

अहवाल मी २८ व्या दिवशी दिला. दावा नामंजूर झाला. ग्राहकाने जून ते सप्टेंबर अशी चार महिन्यांची बिले रोखून आपली वसुली पूर्ण केली आणि नंतर करार संपवला. गार्डांचे पगार मात्र कायद्याप्रमाणे ७ तारखेच्या आत द्यावेच लागतात, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचा भरणा १५ तारखेपर्यंत करावाच लागतो, आणि ते सर्व सुभेदारसाहेबांनी मुदत ठेव मोडून व घरातले दागिने गहाण ठेवून केले. मालाच्या मालकाला त्याच्या विम्यातून भरपाई मिळाली असेल तर एकाच चोरीचे पैसे दोनदा कोणाकडे गेले, हे तपासणे माझ्या नेमणुकीच्या कक्षेत नव्हते. ते असायला हवे होते, असे मला वाटते.

पहारा देण्याच्या कामातील चुकीमुळे ग्राहकाला झालेल्या नुकसानीचे, आणि ताब्यातील व देखरेखीखालील मालाचे संरक्षण मागून घेता येते. ग्राहकाच्या मालमत्तेच्या पॉलिसीत एजन्सीविरुद्ध वसुलीचा हक्क सोडून देण्याची अट घालून घेता येते. करारातली जबाबदारी सिद्ध झालेल्या हलगर्जीपणापुरती आणि ठरावीक रकमेपुरती मर्यादित करता येते. यातले एकही वाक्य त्या मध्यस्थाने त्यांना कधी सांगितले नव्हते. दावा निकालात निघाल्यावर मी ते सांगितले, आणि ते सांगायला फार उशीर झाला होता.

विमेदाराला सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागता येते. ऑक्टोबरमध्ये सुभेदारसाहेब प्रत घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मला वाटले, ते निकालाविरुद्ध विमा लोकपालांकडे जाणार असतील. त्यांना स्क्रूंचा आणि ट्रकच्या वेळांचा परिच्छेद तेवढा हवा होता. त्या गार्डला आता कोणतीही साइट घेत नव्हती आणि गावाकडेही बोलवा पसरली होती. अहवाल इंग्रजीत होता. "त्याला वाचता येईल असं लिहून द्या," ते म्हणाले. मी तो परिच्छेद मराठीत लिहिला, १६ भोके, ११ स्क्रू, २ वाजून ४७ मिनिटे, सगळे जसेच्या तसे. खाली तारीख घातली आणि सही केली. त्यांनी माझ्या शिक्क्याकडे पाहिले. हा कागद अहवालाचा भाग नव्हता, म्हणून मी शिक्का मारला नाही.