तुम्ही विचारलंत म्हणून: नवऱ्यामागं बाईनं धीर कुठून आणायचा?

शेतकरी घरातला कर्ता माणूस जातो, तेराव्यानंतर पाहुणे पांगतात आणि मग हा प्रश्न येतो. कधी ती स्वतः विचारते, बहुतेक वेळा तिची बहीण, भाऊ किंवा गावातली आशाताई विचारते, "तिला धीर कसा द्यायचा?" माझं उत्तर ऐकणाऱ्याला कोरडं वाटतं. तिला तलाठ्याकडं घेऊन जा. बोलणं तिला करू द्या, अर्ज तिच्या हातात द्या आणि पोच तिलाच मागू द्या. धीर आधी गोळा करून मग कामाला लागायचं, असं सहसा होत नाही. एक काम आपल्या हातानं पार पडलं की पुढच्या कामापुरता धीर येतो.

सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून. 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद विनाशुल्क होते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. बँक, विमा, तहसील, शाळा, सगळीकडं लागतात. घोटाळा बहुधा नावात होतो. आधारवर दत्तात्रय, सातबारावर दत्तू, बँकेत तिसरंच. दाखला लिहिला जात असतानाच नाव आधारप्रमाणे आहे का ते बघा. सातबारावर वेगळं असेल, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

मग वारस नोंद, म्हणजे सातबारावर मयताच्या जागी वारसांची नावं लावणं. सगळ्यात जास्त बायका इथं अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. अर्ज गावच्या तलाठ्याकडं करायचा (आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी आहे) किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवावं असं कायदा म्हणतो, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. सोबत मृत्यूचा दाखला, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), सगळ्या वारसांची नावं, वय, नातं आणि पत्ते लिहिलेलं शपथपत्र. तलाठी फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, धरतो, नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कुणी हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. सुनावणीला गैरहजर राहू नका. निकाल विरोधात जाण्याचं ते नेहमीचं कारण. विरोधात गेलाच, तर 60 दिवसांत प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपील करता येतं. 2025मध्ये शासनानं जिवंत सातबारा मोहीम काढली ती मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठीच, त्यामुळं "आमच्याकडं अशी नोंद होत नाही" हे कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

नवा सातबारा हातात आला की घरी जायच्या आधी तिथंच उभं राहून वाचा. तिचं नाव भोगवटादाराच्या रकान्यात, म्हणजे मालकांच्या नावांत हवं. पुष्कळदा ते खाली इतर अधिकारात ढकललेलं असतं, जिथं बोजा आणि विहिरीचे हक्क लिहितात. चूक होण्याची दुसरी जागा म्हणजे दिराच्या नावापुढचं ए.कु.मॅ., अर्थात एकत्र कुटुंब मॅनेजर. वारसांऐवजी एकट्या दिराचं नाव असं लागलं, तर पुढं कर्ज आणि अनुदान त्याच्याच नावानं फिरतं. मुलं अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालची, असतील तर त्यांची नावं लागून पुढं अ.पा.क. (अज्ञान पालक कर्ता) म्हणून आईचं नाव आलं पाहिजे. चूक दिसली तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या.

वाटा किती, हेही तिला पाठ असावं. हिंदू वारसा कायद्यानुसार नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई सारख्या हिश्श्यानं येतात. दोन मुलं आणि सासू असेल तर चार हिस्से. सासऱ्यांचं नाव या पहिल्या वर्गाच्या वारसांत नाही. सासूचा वाटा मात्र खरा आहे, तो नाकारून भांडण ओढवून घेऊ नका.

दुखवट्याच्या दिवसांत कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नको. "बँकेचं काम आहे", "वारस लावायलाच पाहिजे" असं सांगून हक्कसोडपत्र करून घेतलं जातं. खरं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं; म्हणून कुणी तालुक्याला निबंधक कार्यालयात न्यायला लागलं, तर आधी कागद वाचून घ्या. अज्ञान मुलांचा वाटा तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही. हे एक वाक्य शांतपणे म्हणता आलं तरी समोरचा बराच मागं सरतो. वकील परवडत नाही ही अडचण खरी नाही: स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, तालुका विधी सेवा समितीत किंवा 15100 वर.

पैशाचं एका वहीत लिहा. कुणाचं देणं, किती, कागद आहे का. नवऱ्याच्या कर्जाला ती स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर जबाबदारी वारशानं आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. दारात येणाऱ्या सावकाराला परवाना विचारा. नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं, सहकार खात्यात, तक्रार करा. गेलेल्या नवऱ्याचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका, पुढं वारसांत तंटा होतो. पासबुकात 436 रुपयांची वार्षिक कपात दिसली तर दोन लाखांचा जीवनज्योती विमा आहे, 20 रुपयांची दिसली तर दोन लाखांचा अपघात विमा. ही कपात कुणी तपासतच नाही आणि पैसे बँकेत पडून राहतात. साप चावून, वीज पडून किंवा शेतात अपघातानं मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात अनुदानाचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं 30 दिवसांत. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कर्ता गेला तर कुटुंब लाभाचे 20 हजार तहसीलमधून. संजय गांधी निराधारचा अर्जही तिथंच. पीएम किसानचा हप्ता सातबारावर नाव आल्यावर तिच्या नावानं नव्यानं नोंदवावा लागतो.

कागद झाले तरी रात्री असतातच. झोप उडणं, जेवण न जाणं, मुलांवर विनाकारण ओरडणं, हे सगळं दुःखात होतं. मात्र ती आठवडेच्या आठवडे उठून चूल पेटवत नसेल, "मी पण गेले असते तर" असं म्हणत असेल, तर धीराचे शब्द पुरत नाहीत. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा नंबर विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. अशा वेळी तिला एकटी ठेवू नका आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा. खेड्यात ही शेवटची गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा तातडीची आहे.

कुंकू, मंगळसूत्र, बांगड्यांवरून कुणी बोलत असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं उदाहरण द्या. तिथल्या ग्रामसभेनं मे 2022मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण हळदीकुंकवाला न बोलावलेली बाई हळूहळू ग्रामसभेलाही जायची थांबते.

बचत गट सोडू नका, नसेल तर लागा. दहा ते वीस बायका, दर आठवड्याला बैठक, ठरलेली बचत, गटातच कर्ज, वेळेवर परतफेड, लिहिलेला हिशोब. पेरणीच्या वेळी बियाण्याला पाच हजार लागतात ते सावकाराऐवजी इथून मिळतात. तिला वही लिहिता येत असेल तर सचिव करा. दर आठवड्याला चार बायकांत बसून आकडे मांडणारीशी बँकेतला साहेबही नीट बोलतो.

आणि हे वाचणाऱ्या घरात नवरा-बायको दोघं असतील, तर एक अर्ज आजच करता येतो. 1992पासून लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज तलाठ्याकडंच द्यायचा. पोच घ्यायला विसरू नका.